मामाजींची डबी आणि माझं जुळवून घेणं

राजेहो, माणसानं एक वेळ विजेच्या चालू डीपीत हात घालावा, पण सासऱ्याच्या वस्तूत बोट घालू नये. हे शहाणपण मला फुकटात आलेलं नाही. चहा येऊन राह्यला, तवर सांगतो. हसायचं तर हसा, मी वाईट मानणार नाही. आमच्या घरात या गोष्टीवर हसून हसून लोकांचं आता समाधान झालं आहे. तुम्हीच काय ते बाकी होते.

मी अमरावतीला एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. सासुरवाडी अकोल्याची, जठारपेठेतली. माझे सासरे सुखदेवराव, म्हणजे आमचे मामाजी, वीज खात्यातून लाईनमन म्हणून रिटायर झाले. वय चौऱ्याहत्तर. पण जन्म खांबावर चढण्यात गेलेला, त्यामुळे अजूनही कुठं शिडी टेकवलेली दिसली की यांचे पाय खाजवतात.

तरुणपणी मामाजींची गायन पार्टी होती. चौघांची. मामाजी गायचे, मूर्तिजापूरचे शालिकराव ढोलकी वाजवायचे, नामदेवराव पेटीवर आणि कोरसला भास्करराव. जयंतीचा महिना आला की सायकलींना पेटी-ढोलकी बांधायची आणि गावोगाव भीमगीतं गात फिरायचं. गाणी मामाजींनीच लिहिलेली, चाली त्यांच्याच. कोणीतरी हौशी माणूस टेपरेकॉर्डर घेऊन समोर बसायचा, त्याच्या कॅसेटी झाल्या. पुढे माझ्या मेहुण्यानं त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवल्या आणि तिथून एका लहानशा गाण्याच्या यंत्रात उतरवून दिल्या. काडेपेटीहून जरा मोठं यंत्र, वर काचेची खिडकी, खाली गोल चकती. मामाजी त्याला 'डबी' म्हणायचे.

दोनशे सतरा गाणी होती त्या डबीत.

नंतर कॅसेटींना बुरशी लागली, त्या भंगारात गेल्या. मेहुण्याचा कॉम्प्युटर बिघडला, तोही भंगारात गेला. मेहुणा बंगलोरला गेला. भास्करराव चार वर्षांपूर्वी वारले. म्हणजे उभ्या जगात ती गाणी आणि भास्कररावांचा आवाज फक्त त्या डबीत होता. हे मला माहीत होतं का? होतं राजेहो, पुरेपूर माहीत होतं. म्हणून तर सांगतो, अडाणी माणूस एवढं नुकसान करूच शकत नाही. त्याला शिकलेलाच लागतो.

झालं काय, एका रविवारी आम्ही अकोल्याला गेलो होतो. मामाजी अंगणात खुर्ची टाकून डबीची चकती फिरवत बसले होते. फिरवून राह्यले, फिरवून राह्यले, गाणं काही सापडेना.

"काय शोधून राह्यले मामाजी?"

"अवो, ते पावसाच्या दिवसातलं गाणं पायजे होतं. पन याच्यात नावंच नाईत. ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक एकशे नव्वद! मले का सपन पडते कोनतं कुठी हाय ते?"

झालं! माझ्यातला कॉम्प्युटरवाला जागा झाला. तुम्हाला सांगतो, मी सरकारी कॉम्प्युटर कोर्स पहिल्या झटक्यात पास झालेला माणूस. कचेरीत प्रिंटर अडला की साहेब मलाच हाक मारतात. मी जातो, प्रिंटर बंद करतो, पुन्हा चालू करतो, तो चालतो. एवढ्या भांडवलावर माझी पंधरा वर्षं इज्जत टिकलेली.

"द्या इकडे मामाजी. घरी नेतो, सगळ्या गाण्यांना नावं टाकून देतो. पुढच्या रविवारी मराठीत वाचा!"

माझी बायको करुणा आतून पळत बाहेर आली. "नका देऊ बाबा. यायनं मागं मिक्सर दुरुस्त केला होता, तो अजून माळ्यावर पडला हाय."

पण मामाजी भोळे. जावयाला नाही कसं म्हणावं? त्यांनी डबी रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "सांभाळजा," एवढंच म्हणाले. लहान लेकरू देतात न कोणाच्या कडेवर, तसं.

सोमवारी कचेरीतून आलो, हातपाय धुतले, लॅपटॉप काढला आणि डबीची वायर त्याला जोडली. पडद्यावर भलीमोठी चौकट आली. इंग्रजीत आठ-दहा ओळी आणि खाली दोन बटणं. आता इंग्रजी मला येत नाही असं नाही. पण सव्वीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस कागद वाचत नसतो, सही कुठं करायची तेवढं पाहतो! त्या ओळींमधला एक शब्द माझ्या ओळखीचा होता. सिंक. सिंक म्हणजे जुळवणं. कोर्समध्ये होतं ते. म्हटलं, डबीचं आणि लॅपटॉपचं जुळवायचं का, असं विचारून राह्यलं बिचारं. जुळू दे न बापा! आपल्याकडे जुळलं तर लोक पेढे वाटतात!

दाबलं बटण.

पडद्यावर एक गोल फिरायला लागलं. मी चहा घ्यायला आत गेलो. दोन टोस्ट खाल्ले. परत येऊन पाहतो तर काम फत्ते! आणि काचेच्या खिडकीत आकडा होता नऊ.

नऊ!

आधी वाटलं, चष्म्याचा दोष असेल. चष्मा पुसला. तरी नऊच. डबी काढली, पुन्हा जोडली. नऊ. बंद केली, चालू केली. प्रिंटरवर चालते ती विद्या, तिच्यावर नाही चालली.

मग मी ती चौकट पहिल्यांदा नीट वाचली. ती आता पडद्यावर नव्हती, म्हणून इंटरनेटवर शोधून वाचली. अर्थ असा होता, की लॅपटॉपात जे आहे तेवढंच डबीत ठेवलं जाईल आणि बाकीचं आपोआप पुसलं जाईल. आपोआप! एवढं मोठं काम आणि त्याला माणूस लागत नाही!

"करुणा," मी आवाज दिला.

तिला समजावून सांगितलं. "अवं, याला जुळवून घेणं म्हणतात आणि हे असं करते. लॅपटॉप जसाच्या तसा राह्यला. डबीनं मात्र आपलं सगळं सोडून द्यायचं आणि त्याचं जे आहे ते घ्यायचं. याला का जुळवून घेणं म्हणतात?"

"मंग?" ती म्हणाली. "लग्नात बाईचं दुसरं काय होते?"

एरवी ही भांडली असती. त्या दिवशी नाही भांडली. डबी ओच्यात घेऊन खुर्चीवर नुसती बसून राह्यली. लहानपणी ही त्या गाण्यांवर झोपायची. बाप तालमीला बसला की त्याच्या मांडीवर डोकं ठेवून. मला म्हणाली, "बाबाले आत्ताच फोन करा अन् सांगून टाका."

"रविवारपर्यंत थांब," मी म्हणालो. "शोधून पाहतो. कुठं न कुठं तर असतीलच."

तिथंच चुकलो. पण आता तुम्ही विचाराल, ती नऊ कोणती? सांगतो, सांगावंच लागते.

आमचे साहेब रिटायर होणार होते. निरोप समारंभात कर्मचाऱ्यांतर्फे भाषण मी करणार होतो. त्याची तयारी म्हणून मी लॅपटॉपवर तेच भाषण सात वेळा रेकॉर्ड करून ठेवलं होतं. चौथ्या खेपेला तर मी कंठ दाटून आल्याचाही सराव केला होता. तो इतका जमला होता, की शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या, "घरात सगळे बरे आहेत न भाऊ?" सात ती आणि दोन माझ्या पोरीच्या शाळेतल्या इंग्रजी कविता. असे नऊ. मामाजींच्या चाळीस वर्षांच्या गाण्याच्या जागी आता एवढा ऐवज होता.

मंगळवारी आणि बुधवारी अमरावतीतल्या दोन दुकानांत डबी दाखवली. दोघांनीही तिला उलटीपालटी केली, कॉम्प्युटरला लावली आणि मान हलवली. आता यातून काही निघत नाही, म्हणाले. एकाला विचारलं, नागपूरला नेली तर? तो म्हणाला, "फिरून या, हवापालट होईल."

गुरुवारी रजा टाकली आणि मूर्तिजापूर गाठलं. म्हटलं, ढोलकीवाले शालिकराव, त्यांच्याकडे एखादी जुनी कॅसेट पडून असेल. शालिकराव अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होते. मी बाजेच्या कडेला बसलो. खिशातली डबी टोचायला लागली, म्हणून काढून बाजेवर ठेवली.

"जय भीम काका."

"जय भीम, जय भीम! या जवाईबापू! सुखदेव कसा हाय?"

"आहेत बरे," मी म्हणालो. पण मनात पाप. आवाज असा निघाला जसा काही डॉक्टरनंच मला तसं सांगायला लावलं आहे.

"असं तोंड पाडून कावून सांगता?"

"नाही, काही नाही. काका, तुमच्याकडे पार्टीची एखादी जुनी कॅसेट आहे का? मामाजींचा आवाज असलेली?"

"पाह्यतो न. पन आताच कावून आठोलं?"

"आठवण म्हणून ठेवावी म्हणतो घरात."

शालिकरावांचा हात तुरीत थांबला. "आठवन?"

"हो. आणि रविवारच्या आत मिळाली तर बरं होईल काका. त्याच्यानंतर काही उपयोग नाही."

"रविवार!"

"आणि एक विनंती. मामाजींना फोन करू नका. त्यांना यातलं काही माहीत नाही. आम्ही सांगितलंच नाही त्यांना."

तुम्हीच सांगा, यात मी एक तरी शब्द खोटा बोललो का? बोललो असतो तर बरं झालं असतं!

तेवढ्यात कचेरीतून फोन आला. एक फाईल सापडत नव्हती. आवाज तुटत होता म्हणून मी उठून पार सडकेपर्यंत गेलो. फाईल कोणत्या कपाटात, कोणत्या खणात, कोणत्या गठ्ठ्याखाली, हे सांगण्यात दहा मिनिटं गेली. डबी बाजेवरच राह्यली.

परत येऊन पाहतो तर शालिकरावांनी डबीचं बोंडूक, म्हणजे तिचा इअरफोन, कानात घातलेलं. मामाजींची डबी त्यांना ओळखीची होती. आपल्या पार्टीचं गाणं ऐकावं म्हणून लावली असेल. आणि राजेहो, म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललेलं.

मला वाटलं, समजलं यांना. गाणी पुसली गेली, हे कळलं. आणि खरं सांगतो, छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. कोणाला तरी सांगायचंच होतं.

"जवाईबापू," ते बोंडूक काढत म्हणाले, "म्या ऐकलं सगळं. आता लपवू नका मायापासून."

मी त्यांच्याजवळ बसलो. "काय लपवू काका? सगळं संपलं."

"कोनाले दाखोलं?"

"अमरावतीत दोघांना दाखवलं. दोघंही म्हणतात, आता काही होत नाही."

"अन् नागपूरले नेलं तं?"

"तेही विचारलं. उगाच दगदग होईल, म्हणाले."

शालिकरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. "कशानं झालं हे एकाएकी?"

"माझ्यामुळं झालं काका. माझ्या या हातानं. नको तिथं हात लावला मी."

"ना बापा ना!" त्यांनी माझा हात धरला. "असं मनाले लावून घेऊ नका. ज्याची येळ भरली त्याले कोनी थांबवत नाई. तुमी फकत निमित्त."

मी म्हटलं, वा! काय समजूतदार माणूस आहे! एका यंत्रातली गाणी गेली तर हा केवढं खोल बोलून राह्यला! मला तर भरून आलं. आम्ही दोघं त्या बाजेवर एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो. अक्षरशः रडलो. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबून, हात जोडून पुढे गेली.

"रविवारी येतोच मी," शालिकराव म्हणाले. "नामदेवलेही घेऊन येतो."

"काका, कॅसेट तेवढी आणा. बाकीच्यांना कशाला त्रास?"

"त्रास कायचा? हे तं आमचं कर्तव्यच हाय."

आता त्या बोंडकातून त्यांनी काय ऐकलं होतं ते सांगतो. चौथी खेप! माझा दाटलेला कंठ आणि त्यातून, "बंधूंनो, आज ते आपल्यातून जात आहेत. (इथं हुंदका.) त्यांची पोकळी कोणीही भरून काढू शकणार नाही. त्यांचं हसणं, त्यांचं रागावणं, आता फक्त आठवणीत." साहेबांचं नाव त्यात शेवटी येत होतं. पण तिथपर्यंत ऐकायला म्हाताऱ्याचं काळीज टिकलंच नव्हतं.

रविवारी आम्ही जठारपेठेत पोचलो. मामाजींनी दारातच विचारलं, "आनली का डबी?"

"थोडं काम राह्यलं आहे मामाजी."

करुणानं माझ्याकडे असं पाहिलं की बस. मामाजींचं तोंड उतरलं. "बरं, टाकी धुवून घेतो तवर," म्हणाले आणि बनियनवर शिडी चढून गच्चीवर गेले.

मी फाटकाशी उभा राहून शालिकरावांची वाट पाहत होतो. दहा वाजता ऑटो येऊन थांबला. त्यातून शालिकराव उतरले. मागून पेटीवाले नामदेवराव. त्यांच्या मागून भास्कररावांच्या पत्नी शांताबाई. तिघंही पांढऱ्या कपड्यांत. एकाच्या हातात शहाळी, एकाच्या हातात मोसंब्यांची थैली. मला वाटलं, अकोल्याचं ऊन म्हणून पांढरे कपडे!

शालिकरावांनी मला छातीशी धरलं. "उशीर तं नाई झाला न आमाले?"

"नाही काका, अगदी वेळेवर आले."

"सुखदेव कुठी हाय?"

आता मी काय सांगणार? जे होतं ते सांगितलं.

"वर गेले. आत्ताच, पाच मिनिटं झाली."

शांताबाईंनी जो हंबरडा फोडला, समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. नामदेवराव फाटकाला धरून खालीच बसले. मोसंब्या रस्त्यावर गडगडत गेल्या. मी आपला मोसंब्या गोळा करू की माणसं, या विचारात.

तेवढ्यात वरून आवाज आला. "काय रडारड लावली बे सकाळच्या पाऱ्यात? कोन आलं?"

शालिकरावांनी डोळे मिटून, हात जोडून आभाळाकडे मान केली. मग एक डोळा उघडला. गच्चीच्या कठड्यावर मामाजी वाकले होते. ओलं बनियन, हातात टाकी घासायचा ब्रश.

"अबे शालक्या! तू? अन् हे शहाळं कोनासाठी आनलं?"

"तुयाचसाठी आनलं," शालिकराव एवढंच बोलू शकले.

पुढचा अर्धा तास मी तुम्हाला सांगत नाही. तुम्ही माझे मित्र आहात, काही गोष्टी झाकून घ्या. मामाजी खाली आले, तिघांनी त्यांना चाचपून पाहिलं. मग शालिकराव माझ्याकडे वळले. "मंग भाषन कायचं होतं ते? म्या सोताच्या कानानं ऐकलं! हा मानूस रडून रडून तुया मयतीचं भाषन करून राह्यला होता!"

डबी निघाली. मामाजींनी बोंडूक कानात घातलं. आपल्याच निरोपाचं भाषण समजून ते शेवटपर्यंत ऐकलं आणि साहेबांचं नाव आलं तसं बोंडूक काढलं.

"अन् गाने?" त्यांनी विचारलं.

मग मी सांगितलं. उभ्यानं. चौकट, बटण, आपोआप, सगळं.

मामाजी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. "पुरे गेले?"

"हो."

"भास्कर?"

मी मान हलवली. शांताबाईंकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. माणसाला आयुष्यात कोणी शिव्या घालू नये असं वाटते. त्या वेळी मला वाटलं, यांनी चार सणसणीत हासडाव्या. मामाजींनी नाही हासडल्या. ते डबी उलटी करून, काच अंगठ्यानं पुसत बसले. जशी काही आत धूळ बसली असेल आणि पुसल्यानं गाणी दिसतील.

शेवटी शांताबाईच बोलल्या. "जाऊ द्या भाऊजी. म्या त्यायचा आवाज चाळीस वर्सं ऐकला. कधी गान्यात, कधी भांडनात. मले डबी नाई लागत."

"कॅसेट आनली हाय न मी," शालिकरावांना आठवलं. बहिणीच्या ट्रंकेत सापडली होती. शेजाऱ्यांकडचा जुना टेप मागून आणला. सगळे कान लावून बसलो. आतून आलं, "कुर्र… कुर्र… कुर्र!" बहिणीनं त्याच कॅसेटवर नातवाचं बारसं टेप केलं होतं. दोन्ही बाजूंनी कुर्र.

आधी नामदेवराव हसले. मग शांताबाई तोंडाला पदर लावून. मग मामाजी असे हसले की त्यांना ठसका लागला.

"सुखदेव," शालिकराव म्हणाले, "मी तं तुले खांदा द्याले आलो होतो लेका. रिकाम्या हातानं जाऊ का? पेटी काढ."

पेटी कपाटावर होती. दोन सूर मुके झाले होते. ढोलकी नव्हतीच, शालिकरावांनी टाकी धुवायची बादली पालथी घातली. कोरसला शांताबाई. नवऱ्याची सगळी गाणी त्यांना तोंडपाठ होती, फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या गाण्यात मामाजींचा आवाज थरथरला, दुसऱ्यात शब्द विसरले. तर माझी बायको स्वयंपाकघराच्या दारातून पुढची ओळ म्हणाली. मग ती तिथं उभी नाही राह्यली, येऊन सतरंजीवर बसली. फोन समोर ठेवून रेकॉर्डिंग तिनंच चालू केलं.

मला सांगितलं, "तुमी फक्त चहा पाहा. कशाले हात लावू नका."

नाही लावला. शपथ घेऊन सांगतो. सहा गाणी झाली. सातव्याला मामाजींनी ते पावसाच्या दिवसातलं गाणं धरलं. काय लागला आवाज! वर, अजून वर, शांताबाई मागून धरून, बादली थांबलेली, समोरच्या घरातली माणसं भिंतीवरून पाहून राह्यलेली. तो सूर असा टांगून राह्यला होता, की श्वास घ्यायची भीती वाटावी. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. आणि माझं लक्ष फोनकडे गेलं. पडदा काळा! पुन्हा गेलं सगळं! मी तिथूनच ओरडलो,

"अवं, चालू हाय न ते? लाल दिवा नाई दिसून राह्यला!"

चालू होतं. पडदा तेवढा झोपला होता. आपोआप.

त्या दिवशी अकरा गाणी झाली. करुणानं त्यांच्या पाच पेनड्राईव्ह केल्या, घरोघरी एकेक दिली. मला दिली नाही. सातव्या गाण्यात मी अगदी मध्यभागी, खणखणीत आहे. मेहुणा बंगलोरहून म्हणाला, पाठव इकडे, भाऊजींचा आवाज कापून देतो. मामाजी म्हणाले, "राहू दे. जुने गाने कोनाच्यानं गेले, हे पुढच्या लेकरायले समजलं पायजे."

आता जठारपेठेतल्या मांडवात जयंतीला हीच गाणी लागतात. लाऊडस्पीकरवर. सातवं आलं की लोक गप्पा थांबवतात. मामाजींचा सूर वर चढतो, चढतो आणि त्या जागी अख्खा मांडव, बायापोरं, म्हातारे, सगळे एका आवाजात म्हणतात, "अवं, चालू हाय न ते? लाल दिवा नाई दिसून राह्यला!"

यंदा मीही मांडवात होतो. म्हटलं, आपलीच ओळ आहे, आपणही म्हणावी. चार माणसांत मिसळून म्हणूनही पाहिली.

करुणानं कोपर मारलं. म्हणाली, "तुमी नका म्हनू. बेसूर होते."